अमोनियाचं कार्ट्रिज आणि फवारणीचा सूट : लहान युनिटनं संशोधन कुठून सुरू करायचं?

इचलकरंजी_कोटिंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. शिलाईची १८ मशीन, १.६ मीटर रुंदीची एक नाइफ कोटिंग लाइन (पात्यानं कापडावर लेप ओढणारी), स्टेंटर (कापड ताणून गरम हवेत सुकवायचं मशीन) बाहेर जॉबवर, एवढंच युनिट आहे. मागणी तीन बाजूंनी आहे. बर्फ कारखाने आणि दूध शीतकरणवाल्यांना अमोनियासाठी मास्क पाहिजे. साखर कारखान्याच्या सल्फर हाऊसला (गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड करतात तिथं) मास्क पाहिजे. आणि शिरोळ-हातकणंगल्याचा भाजीपाला, पलीकडे तासगावची द्राक्षं, इथल्या फवारणीसाठी धुऊन परत वापरता येईल असा सूट पाहिजे. सल्लागाराचं म्हणणं वेगळंच, की थेट सैन्यासाठी रासायनिक-जैविक सूटवर संशोधन करा, अनुदान मिळतं.

आत्ताचे नमुने असे. कापड पॉली-कॉटन ६५/३५, २१० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), सी६ फ्लोरोकार्बन (पाणी-तेल झटकणारं फिनिश) ४० ग्रॅम लिटरला. स्प्रे रेटिंग (पाणी शिंपडून बघायची कसोटी) १०० येतं, पण पंप पाठीवर घेतला की खांद्याच्या शिलाईतून पाणी आत येतं. १० धुण्यांनंतर फिनिश गेल्यात जमा. मास्कच्या कार्ट्रिजमध्ये (गॅस अडवणाऱ्या डबीत) नारळाच्या करवंटीचा कार्बन ४० ग्रॅम भरला, वॉटर फिल्टरवाल्याकडचा. चार-पाच मिनिटांत अमोनियाचा वास आत.

पहिलं काय हातात घ्यावं, कार्बनचं काय चुकतंय, घरच्या घरी टेस्टिंग कितपत जमेल आणि पैसे कुठून आणायचे, एवढं सांगा.

शिरोली_कार्बन

कार्ट्रिजपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक सरळ आहे. साधा कार्बन सॉल्व्हंटची वाफ धरतो, अमोनिया जवळजवळ धरतच नाही. अमोनियाचा रेणू लहान आणि हलका, छिद्रात टिकत नाही. त्याला धरायला कार्बनवर आम्ल किंवा धातूचा क्षार चढवावा लागतो, म्हणजे अमोनियाचं तिथंच मीठ होतं. नुसतं कार्बनचं वजन वाढवून भागणार नाही.

आता हिशेब. गॅस फिल्टरला आपल्याकडे आयएस १५३२३ आहे, युरोपात ईएन १४३८७. ईएनमध्ये के-१ (अमोनियासाठीचा पहिला वर्ग) ची कसोटी अशी: मिनिटाला ३० लिटर हवा, त्यात अमोनिया १००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग), आर्द्रता ७० टक्के, तापमान २० अंश. पलीकडे २५ पीपीएम दिसेपर्यंत किमान ५० मिनिटं निघाली पाहिजेत. १००० पीपीएम म्हणजे घनमीटरला साधारण ०.७ ग्रॅम. ५० मिनिटांत दीड घनमीटर हवा जाते, म्हणजे कार्ट्रिजला फक्त १.०५ ग्रॅम अमोनिया अडवायचाय. दोन अमोनियाला एक फॉस्फोरिक ॲसिड धरलं तर ३ ग्रॅम शुद्ध आम्ल पुरतं, एकास एक धरलं तर ६ ग्रॅम. प्रत्यक्षात मधलं काहीतरी होतं. ५५ ग्रॅम कार्बनवर १२ टक्के, म्हणजे साडेसहा ग्रॅम, एवढं धरून चाला.

चढवायची रीत, १ किलोसाठी. कार्बन १२ बाय ३० मेशचा (चाळणीचे नंबर) घ्या, आयोडीन नंबर (छिद्रं किती, त्याचं माप) १००० च्या वरचा. वॉटर फिल्टरचा माल बहुधा ८ बाय ३० असतो, त्यात मोठे दाणे जास्त आणि पातळ थरातून गॅस निसटतो. चाळून, धुऊन धूळ काढा, ११० अंशाला ४ तास सुकवा. मग १०० ग्रॅम कार्बन काचेच्या बशीत घेऊन थेंब थेंब पाणी टाकत ढवळा. दाणे सुटे दिसतायत तोवर पाणी छिद्रात जातंय. एकमेकांना चिकटायला लागले की थांबा. तो आकडा किलोला ६०० मिलीच्या आसपास येईल, पण प्रत्येक लॉटचा स्वतः मोजा. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड १४१ ग्रॅम (सुमारे ८४ मिली) डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात ओतून एकूण द्रावण त्या आकड्याएवढं करा. आम्ल पाण्यात, उलटं नाही. टॅब्लेट कोटिंग पॅनमध्ये कार्बन फिरता ठेवून २० मिनिटांत फवारा, रात्रभर बंद डब्यात मुरू द्या, सकाळी १०५ अंशाला सुकवा. अगदी कोरडाठाक करू नका, थोडा ओलावा अमोनियाच्या कामाचाच आहे. आणि आम्ल जास्त म्हणजे माल चांगला असं नसतं. २५ टक्क्यांवर गेलात की छिद्रं बुजतात, वर पावसाळ्यात कार्बन हवेतलं पाणी ओढून गचगचीत होतो. डबी प्लॅस्टिकची करा, पत्र्याची आतून खाऊन जाईल.

भरणं हा अर्धा खेळ आहे. ५५ ग्रॅम म्हणजे सुमारे ११० सीसी. ८० मिमी व्यासाच्या डबीत २२ मिमी थर बसतो, तो ठीक. हातानं ओतून डबी ठोकली की कडेला सैल आणि मध्ये घट्ट, गॅस कडेनं पळतो. वर नरसाळं, खाली १००-१०० मिमी अंतरावर दोन-तीन जाळ्या, आणि कार्बन अर्ध्या मीटरवरून पावसासारखा पडू द्यायचा. वरून जाळीची प्लेट दाबून लॉक, हलवल्यावर खुळखुळ ऐकू आली तर ती डबी बाद. बाहेर पडायच्या बाजूला ६० जीएसएमचं पीपी नॉनवोव्हन, नाहीतर काळी धूळ नाकात.

चाचणीच्या रिगला फार खर्च नाही. बिनतेलाचा डायफ्राम कॉम्प्रेसर घ्या. साध्या कॉम्प्रेसरच्या तेलाची वाफ कार्बन खराब करते. ३० लिटरच्या हवेत अमोनिया ३० मिली प्रति मिनिट लागतो, त्यासाठी लहान सिलिंडर आणि ०-१०० मिलीचा रोटामीटर (वायूचा प्रवाह मोजायची नळी). पितळी फिटिंग बिलकुल नको, अमोनिया तांबं खातो. एसएस आणि टेफ्लॉनची नळी. लायकर अमोनियातून, म्हणजे अमोनियाच्या पाण्यातल्या द्रावणातून, बुडबुडे काढून भागवू नका, दर मिनिटाला तीव्रता उतरत जाते. पलीकडे ०-१०० पीपीएमचा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर. गॅस सेट करताना बायपास उघडा, १००० पीपीएम सेन्सरवर गेला तर तो बसतो. बाहेरची हवा ५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या बाटलीतून, मिथिल ऑरेंज टाकून. तासाला सव्वा-दीड ग्रॅमच अमोनिया जातो, पण सगळं हूडखाली.

आलेख बघायला शिका. शून्य, शून्य, शून्य आणि मग एकदम चढ, तर थर चांगला. पहिल्याच मिनिटापासून १-२ पीपीएम आणि तसंच सपाट पुढं, तर भरताना वाट राहिलीय. आम्ल वाढवून ती बुजणार नाही.

घरचा निकाल कोल्हापुरात फुगलेला येतो, हे इथं फार कुणी बोलत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास, खोली ३० अंशाला. पीपीएम तेवढेच असले तरी घनमीटरमागे वजन मुंबईच्या २० अंशाच्या लॅबपेक्षा ९ टक्के कमी भरतं. आपल्याकडे ५० मिनिटं टिकलेली डबी तिथं ४५ ला फुटते. घरी ६० च्या खाली काही आलं तर पाठवूच नका.

धागा_आडवा

कापडाचं मी सांगतो. स्प्रे रेटिंग १०० म्हणजे पाऊस झेलला एवढंच. औषधाच्या पाण्यात इमल्सिफायर आणि सॉल्व्हंट असतो, तो पाण्यासारखा गोल थेंब होऊन घसरत नाही. त्यात पंपाचा पट्टा खांद्यावर दाबतो. दाबाखाली जगातलं कुठलंच रिपेलंट फिनिश टिकत नाही, ते फक्त घरंगळणाऱ्या थेंबासाठी असतं. त्यामुळे तुमचा खांद्याचा प्रॉब्लेम केमिकलचा कमी आणि पॅटर्नचा जास्त आहे.

सेंटिमीटरला ४ टाके धरले तर ६० सेंमी शिलाईत एका ओळीला २४० भोकं. तीन धाग्यांची ओव्हरलॉक असेल तर ताण आल्यावर ती भोकं उघडतात. खांद्यावरची शिलाईच काढून टाका: योक (खांद्यावरचा भाग) एका तुकड्यात कापा, जोड ५-६ सेंमी पुढं छातीकडे आणि मागं पाठीकडे न्या. जिथं जोड हवाच तिथं दुहेरी दुमडलेली शिलाई, सुई ९० ऐवजी ७५ नंबर. धागा पॉलिएस्टरचा, तोही रिपेलंट फिनिशचा; साधा धागा वातीसारखं पाणी आत ओढतो आणि लोक कापडाला शिव्या देतात. पट्ट्याखाली कोटेड कापडाचा वेगळा थर लावा, फक्त तेवढ्याच जागी. अंगभर कोटिंग केलं तर एप्रिलमध्ये माणूस तो सूट तासात काढून बांधावर टाकेल.

फिनिश १० धुण्यांत का जातं? बहुतेक वेळा कारण फ्लोरोकार्बनच्या आधीचं असतं. कापडावर आयोडीनचा थेंब टाका, निळा झाला तर सायझिंगची कांजी उरलीय. पाण्याचा थेंब ३ सेकंदांत शोषला गेला पाहिजे. पीएच ६ ते ७. हे तीन नीट झाल्याशिवाय बाथ लावू नका. ॲसेटिक ॲसिडनं बाथ ४ ते ५ पीएचला, ब्लॉक्ड आयसोसायनेट बूस्टर ५ ते १० ग्रॅम लिटरला, पिकअप (कापडानं उचललेलं द्रावण) ६५-७० टक्के. १२० ला सुकवणं, १६५ च्या आसपास ६० ते ९० सेकंद क्युअर. जॉबवाल्याच्या स्टेंटरचा काटा हवेचं तापमान दाखवतो, कापडाचं नाही. २१० जीएसएमला हवेपर्यंत पोचायलाच अर्धा वेळ जातो. कापडाला तापमानाच्या पट्ट्या चिकटवून एकदा खात्री करा. आणि त्याच पॅडरवर (कापड द्रावणात बुडवून पिळणारे रोलर) आधी सिलिकॉन सॉफ्टनरचा लॉट गेला असेल, तर पॅडर धुतल्याशिवाय आपला माल लावू नका. पाणी घसरेल, पण तेल सरळ आत. हेच एका थेंबात कळतं: लिक्विड पॅराफिनचा थेंब ठेवा, ३० सेकंदांत कापड ओलं झालं तर तेल झटकण्याचा ग्रेड १ सुद्धा नाही. हेक्साडेकेन उभं राहिलं तर ग्रेड ३.

धुण्याची चिठ्ठी मराठीत शिवा: घरच्या कपड्यांबरोबर नको, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्या, वाळल्यावर गरम इस्त्री. साबणाचा थर राहिला तरी रिपेलन्सी जाते आणि इस्त्रीनं बरीचशी परत येते. निम्मी गिऱ्हाइकं "फिनिश गेलं" म्हणतात, तेव्हा ते साबणाखाली झाकलेलं असतं.

टेस्टिंग घरी चांगलं जमतं. आयएसओ ६५३० ची पन्हळ चाचणी: १२५ मिमी आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप उभा चिरून ३०० मिमीचं पन्हळ करा, ४५ अंशाला तिरकं ठेवा. खाली वजन केलेला टिपकागद, वर कापड, १० मिली द्रव १० सेकंदांत सोडा. टिपकागदाचं वाढलेलं वजन भागिले सोडलेल्या द्रवाचं वजन म्हणजे पेनिट्रेशन. खाली बीकरमध्ये घरंगळलेलं म्हणजे रिपेलन्सी. टाइप ६ (हलक्या शिंतोड्यांपासून वाचवणाऱ्या) सूटच्या ईएन १३०३४ मध्ये चार द्रव असतात: ३० टक्के सल्फ्युरिक, १० टक्के कॉस्टिक, ऑर्थो-झायलीन, ब्युटेनॉल. ९० टक्क्यांवर रिपेलन्सी आणि ५ टक्क्यांखाली पेनिट्रेशन हा दुसरा वर्ग. ॲसिड-कॉस्टिकला तुमचं कापड पास होईल, झायलीनला गचकेल. फवारणीच्या कपड्यांना वेगळं मानक आहे, आयएसओ २७०६५, सी१ ते सी३ असे तीन स्तर. तुम्हाला सी२ चा नेम धरायचाय. खरं कीटकनाशक घेऊन प्रयोग करू नका. सॉल्व्हंट आणि इमल्सिफायरचं औषधाविना मिश्रण आणि निळा रंग एवढं बास.

इचलकरंजी_कोटिंग

लय उपयोगाचं. दोन गोष्टी राहिल्या. साखर कारखानावाले म्हणतात दोन मास्क नको, अमोनिया आणि सल्फर दोन्हीला एकच द्या. कार्बनवर आम्ल आणि अल्कली दोन्ही चढवलं तर? आणि सूटला कार्बनचा थर आमच्याच नाइफ कोटिंगवर लावला तर चालेल काय? पावडर कार्बन ॲक्रिलिक बाइंडरमध्ये घालून नमुना काढलाय, काळाभोर दिसतोय.

शिरोली_कार्बन

नाही चालणार. सल्फर डायऑक्साइडला पोटॅशियम कार्बोनेटसारखी अल्कली लागते, अमोनियाला आम्ल. एकाच दाण्यावर दोन्ही टाकली की ती एकमेकांनाच खाऊन बसतात आणि गॅसला काही उरत नाही. थर वेगळे ठेवले तरी मध्ये फेल्टची चकती पाहिजे, डबी जाड होते आणि श्वासाला जोर लागतो. मर्यादा कडक आहे: ३० लिटरला १ मिलिबार, म्हणजे पाण्याच्या यू-नळीत फक्त १० मिमीचा फरक; ९५ लिटरला ४० मिमी. ही यू-नळी दोनशे रुपयांत होते, पहिल्या दिवशीच बनवा. बाजारातली एबीईके (चार प्रकारच्या वायूंना एकच) कार्ट्रिज धातूंच्या क्षारांचं मिश्रण वापरतात. तो तुमचा दुसरा प्रकल्प. आधी हिरव्या पट्टीचं के, मग पिवळ्या पट्टीचं ई (सल्फर डायऑक्साइडचं). ई-१ ला १००० पीपीएमवर २० मिनिटं लागतात, म्हणजे १.६ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड.

के ला इथं आणखी एक गिऱ्हाईक आहे, ते तुम्ही धरलंच नाही: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीतलं कोल्ड बॉक्स कोअर शॉप (वाळूचे गाभे अमाइनच्या वाफेनं घट्ट करतात ते). तिथल्या अमाइनला (ट्रायइथिल, डायमिथिल-इथिल) के च लागतं. कोल्ड बॉक्सच्या स्क्रबरमध्ये आम्ल असतं ते याच कारणानं. तिथं ऑरगॅनिक व्हेपरचं तपकिरी कार्ट्रिज लावून काम चालतं, ते चुकीचं.

धागा_आडवा

काळाभोर दिसतंय म्हणजेच बाइंडरनं कार्बन रंगासारखा झाकलाय. छिद्रावर ॲक्रिलिकचा पापुद्रा बसला की कार्बन उरतो फक्त नावाला. पडताळा सोपा: १० बाय १० सेंमीचा तुकडा १०५ अंशाला सुकवून वजन घ्या, बंद डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाचं काचेचं भांडं) सायक्लोहेक्झेनच्या वाटीशेजारी २४ तास ठेवा, परत वजन. चौरस मीटरला २०० ग्रॅम कार्बन असेल तर तुकड्यात २ ग्रॅम. मोकळा कार्बन ०.७ ते ०.८ ग्रॅम वाफ घेतो. ०.२ आलं तर बाकीचा बुजलाय. सोबत नुसत्या बाइंडरचा तुकडाही ठेवा, बाइंडर स्वतः फुगून खोटं वजन देतं. डेसिकेटर हूडखाली, जवळ ठिणगी नको.

सैनिकी सूटमध्ये पावडर नसते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या कार्बनच्या गोळ्या कापडावर डिंकाच्या ठिपक्यांवर बसवतात. गोळीची तळाची बाजू चिकटते, बाकी सगळी उघडी राहते आणि हवा खेळती राहते. म्हणजे नाइफ नाही, रोटरी स्क्रीननं ठिपके पाहिजेत. दुसरी वाट, नॉनवोव्हनच्या दोन थरांत कार्बन अडकवणं. त्यासाठी गावाबाहेर जायला नको, इचलकरंजीतच डीकेटीईमध्ये नॉनवोव्हनचं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे. पायलट लाइनवर नमुने काढून मिळतील का, ते आधी विचारा, मशीन नंतर.

पाळी_सेफ्टी

वर सगळं बरोबर आहे, पण "अमोनिया गळतीसाठी मास्क" असं पाकिटावर छापलंत तर कुणाचातरी जीव जाईल. १००० पीपीएम हा लॅबमधला आकडा आहे, माणसानं तेवढ्यात उभं राहायचं असा त्याचा अर्थ नाही. जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या (१९४८) दुसऱ्या अनुसूचीत अमोनियाची मर्यादा ८ तासांना २५ पीपीएम होती, थोड्या वेळाला ३५. ३०० पीपीएम म्हणजे जीवाला तत्काळ धोका, तिथून पुढं सिलिंडरचा श्वसनसंचच. कार्ट्रिज कशाला? रोजचं तेल काढणं, व्हॉल्व्हचं ग्लँड आवळणं, गळती सुरू झाल्यावर बाहेर पळणं. बंद खोलीत गळती थांबवायला आत शिरायला नाही. द्रव अमोनिया उणे ३३ अंशाला उकळतो. अंगावर उडाला तर पीव्हीसीचा सूट कडक होऊन तडकतो, त्यामुळे तुमच्या कोटिंग लाइनवरचा सूट या कामाला सुचवूसुद्धा नका.

अर्धा मास्कही नको. अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड दोन्ही आधी डोळ्यांत जातात. डोळे मिटले की माणूस शिडीवरून पडतो, श्वासाचं नंतर. पूर्ण चेहऱ्याचा मास्क तयार विकत घ्या, ग्राहकालाही तोच सांगा, आणि तुम्ही फक्त कार्ट्रिज करा. मास्कचा साचा काढायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. कार्ट्रिजला थ्रेड (आटे) कुठला, हे आधी ठरवा. ४० मिमीचा गोल थ्रेड घेतला तर पुष्कळ मास्कांना बसतं.

लेबलवर ठळक मराठीत पाहिजे: ऑक्सिजन कमी असेल तिथं नाही, कार्बन मोनॉक्साइडला नाही, डिस्टिलरीच्या स्पेंटवॉश (सांडपाण्याच्या) खड्ड्यात आणि गोबर गॅसच्या टाकीत नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर करतो. "वास आला की बाहेर या" हा नियम तिथं फसतो.

जैविक बाजूचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचं चिपाड) यार्डात बुरशी धरलेली जुनी बगॅस उकरताना जी धूळ उडते, तिच्यात थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकॅरी नावाचे जिवाणू असतात आणि त्यांच्या बीजाणूंनी बगॅसोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ताप, खोकला, धाप. पुष्कळदा न्यूमोनिया म्हणून औषधं चालू राहतात. इथं कार्बनचा काही उपयोग नाही, कण अडवायचेत. आयएस ९४७३ चा एफएफपी-२, म्हणजे ९४ टक्के गाळणारा मास्क, आणि टोपीसह साधा कव्हरऑल. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, तुमच्या १८ मशीनवर हा माल उद्यापासून शिवता येतो. रुग्णालयाचा रक्त-विषाणूचा कव्हरऑल मात्र वेगळी गोष्ट. त्याला आयएस १७४२३, त्यात कृत्रिम रक्ताची आयएसओ १६६०३ चाचणी आणि प्रत्येक शिलाईवर टेप. टेपिंगचं हॉट एअर मशीन नसेल तर नाव काढू नका.

प्रपोजल_खर्डा

पैशाचं बोलतो, आणि सल्लागाराचं मत खोडतो.

सैन्याचा सूट पहिल्या दिवशी का नको? खऱ्या रासायनिक अस्त्रांवरची चाचणी तुम्ही-आम्ही करूच शकत नाही. रासायनिक अस्त्र कराराचा २००० चा कायदा आहे आणि ते काम ग्वाल्हेरच्या डीआरडीईसारख्या सरकारी प्रयोगशाळेतच होतं. तुमच्या हातात राहतं ते सिम्युलंट, म्हणजे अस्त्राच्या जागी वापरायचं कमी धोक्याचं रसायन. मस्टर्ड वायूच्या जागी मिथिल सॅलिसिलेट, म्हणजे विंटरग्रीनचं तेल, वापरतात. पुढं निर्यातीचा विचार असेल तर स्कोमेट यादी (निर्यातीवर सरकारी नियंत्रण असलेल्या मालाची) आडवी येते. आणि गिऱ्हाईक एकच, तेही टेंडर काढेल तेव्हा. अमोनियाच्या कार्ट्रिजला गिऱ्हाईक शिरोलीच्या पुलाअलीकडं सापडतं.

योजना. संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना एप्रिल २०१८ पासून आहे, तिच्या डिस्क चॅलेंजला (स्टार्टअपसाठीची स्पर्धा) दीड कोटीपर्यंत अनुदान, पण तेवढाच वाटा तुमचाही दाखवावा लागतो. शिवाय विषय त्यांनी काढलेल्या चॅलेंजमधलाच लागतो; तुमच्या डोक्यातल्या कल्पनेला पैसे नसतात. डीआरडीओच्या टीडीएफची (तंत्रज्ञान विकास निधी) प्रकल्पमर्यादा २०२२ मध्ये १० वरून ५० कोटी झाली, पण तीही लष्कराच्या गरजेला बांधलेली. तुम्हाला जवळचं आहे ते नॅशनल टेक्निकल टेक्स्टाइल्स मिशनचं ग्रेट अनुदान: ५० लाखांपर्यंत, १८ महिने, तुमचे १० टक्के. सूटचा आणि कार्बन नॉनवोव्हनचा विषय प्रोटेक (संरक्षक कापड) म्हणून तिथं बसतो. जैविक अंगाचं काही करणार असाल तर बायरॅकचं (जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणारी सरकारी संस्था) बिग अनुदान, तेही ५० लाख आणि १८ महिने. जैवतंत्रज्ञान विभागानं २००५ ला सुरू केलेली एसबीआयआरआय योजनाही बायरॅकच राबवते, ती छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठीच आहे. सध्या कॉल उघडा आहे का, ते बघून मगच लिहायला बसा.

फर्म प्रोप्रायटरशिप असेल तर स्टार्टअपची मान्यता मिळत नाही. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी करा, उद्यम नोंदणी ठेवा. याला महिना-दीड महिना जातो आणि नेमकं कॉल बंद व्हायच्या आठवड्यात आठवतं.

प्रस्ताव कशावर पडतो? "आम्ही जागतिक दर्जाचा सूट बनवू" असल्या वाक्यावर. परीक्षकाला आकडा पाहिजे. वर शिरोली_कार्बननं दिलंय तसं लिहा: आज ४ मिनिटं, उद्दिष्ट ६० मिनिटं, १००० पीपीएम, ३० लिटर, श्वासाचा रोध १० मिमीच्या आत. सोबत तुमच्या रिगचे तीन आलेख, एक फसलेलासुद्धा, आणि तो का फसला ते एका ओळीत. सूटसाठी किसान कवच हा फवारणीचा सूट बघून ठेवा. बेंगळुरूच्या इनस्टेम संशोधन संस्थेनं काढलेला, डिसेंबर २०२४ ला आलेला, किंमत ४००० रुपयांच्या आसपास. त्याचं कापड कीटकनाशकाचा रेणूच मोडतं. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून हा विषय महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे "असं काही नव्हतंच" असं प्रस्तावात लिहू नका. "४००० च्या जागी इतक्याला, सी२ स्तर, इतकी धुणी" असं लिहा.

बजेटमध्ये बाहेरच्या चाचण्यांचे पैसे वेगळे धरा, किमान तीन फेऱ्यांचे. श्वसनाच्या साधनांसाठी मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था, कापडासाठी घाटकोपरची बीटीआरए किंवा कोइमतूरची सिट्रा या वस्त्र-संशोधन संस्था. पहिल्या फेरीत पास होण्याची आशा धरून बजेट केलं की दुसऱ्या फेरीला घरचे पैसे जातात.

शिरोली_कार्बन

एक राहिलं. दोन डब्यांचा मास्क केलात तर प्रत्येक डबीतून निम्मी हवा जाते, मग कसोटीही १५ लिटरवर. २८ ग्रॅम प्रत्येकी चालेल, पण व्यास ८० मिमीच ठेवलात तर थर ११ मिमीचा होतो आणि हमखास गळतो. ६५ मिमी घ्या, थर १७ पर्यंत जातो.

आणि पॅकिंग. भरलेली डबी लगेच ॲल्युमिनियम फॉइलच्या पाऊचमध्ये सील करा, नुसती पॉलिथिनची पिशवी जुलैत काही कामाची नाही. प्रत्येक लॉटमधल्या पाच डब्यांचं वजन सील करताना आणि तीन महिन्यांनी घ्या. २ ग्रॅमच्या वर वाढ असेल तर सील गळतंय. लेबलवर पाऊच फोडल्याची तारीख लिहायला रिकामी चौकट सोडा, आणि लेबल मॅट घ्या. ग्लॉसीवर बॉलपेन उठत नाही.